केअर प्लॅनमध्ये आई-बाबांचा वाटा: बालवॉर्डात नव्याने रुजू झालेल्या नर्ससाठी

लहान मुलांच्या वॉर्डातल्या चार्टवर सगळ्यात जास्त वेळा दिसणारं आणि सगळ्यात कमी सांगणारं वाक्य म्हणजे ‘पालकांना माहिती दिली’. कोणती माहिती, कोणाला, त्यांना त्यातलं काय समजलं, आता पुढे ते काय करणार आहेत, यातलं काहीच त्यात नसतं. पुढच्या शिफ्टची सिस्टर ते वाचते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. आईला तेच प्रश्न तिसऱ्यांदा ऐकावे लागतात आणि तिसऱ्यांदा ती थोडं कमीच सांगते.

निरीक्षण, निदान, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन हे नर्सिंग प्रक्रियेचे पाच टप्पे आपण सगळ्यांनीच परीक्षेत लिहिलेले असतात. वॉर्डात आल्यावर मात्र कॉटशेजारी रात्रंदिवस बसलेल्या त्या माणसाचं या पाच टप्प्यांत काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मग दोनपैकी एक होतं: एकतर आई-बाबांना ‘जरा बाहेर थांबा’ म्हटलं जातं, नाहीतर हाताशी माणूस आहे म्हणून सगळी कामं त्यांच्यावर सोडली जातात. दोन्ही चूकच. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे मुलाच्या काळजीच्या लेखी आराखड्यात, त्यांचा वाटा कामासारखा लिहायला हवा: कोण, काय, कधी, कुठपर्यंत. तो त्यांच्याशी बोलून ठरवायचा आणि रोज नव्याने ठरवायचा.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिचा उपयोग आजही होतो. १९५० च्या दशकापर्यंत अनेक रुग्णालयांत आई-वडिलांना मुलाला भेटायला ठरावीकच वेळ मिळे. लंडनमध्ये काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी अशा एकट्या ठेवलेल्या लहानग्यांचं निरीक्षण केलं. मूल आधी आक्रोश करतं, मग हताश होतं आणि शेवटी आईपासूनच मनाने दूर जातं, असं त्यांना दिसलं. वॉर्डातली माणसं मात्र ‘रडायचं थांबलं, रुळलं’ म्हणून निश्चिंत होत. १९५९ साली ब्रिटनमध्ये प्लॅट समितीच्या अहवालाने भेटीच्या वेळेवरचे निर्बंध काढावेत अशी शिफारस केली. १९८८ साली ॲन केसी या बालनर्सने भागीदारीची पद्धत मांडली: मुलाची नेहमीची काळजी कुटुंबाने घ्यावी, नर्सने त्यांना शिकवावं, आधार द्यावा आणि जे त्यांना जमत नाही ते स्वतः करावं. दोघांमधली रेषा चर्चेने ठरते आणि सरकते. पुढचं सगळं त्याच रेषेबद्दल आहे. आणि गप्प बसलेलं मूल रुळलेलंच असतं असं समजू नका, हेही आत्ताच लक्षात ठेवा.

आधी माणसं ओळखा

‘आई-बाबा’ हा शब्द आपण सैल वापरतो. संमतीपत्रावर सही करण्याचा कायदेशीर अधिकार एकाकडे असतो, बाळाला दिवसभर सांभाळणारी व्यक्ती दुसरीच असते आणि रात्री वॉर्डात थांबणारी कदाचित तिसरी. भरतीच्या वेळीच विचारा: “बाळाला जास्त वेळ कोण सांभाळतं? रात्री इथे कोण थांबणार? निर्णयासाठी आम्ही कोणाशी बोलायचं?” ही तिन्ही नावं नात्यासकट प्लॅनच्या वरच लिहा. कोणाला मुलाजवळ येण्याची कायदेशीर मनाई आहे का, हेही इथेच कळायला हवं. हा प्रश्न एकट्याला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नाही.

घरच्यांची भाषा वेगळी असेल तर दुभाषा मिळवा. मोठ्या भावंडाला दुभाषा करू नका; आजाराबद्दलचं सगळं त्या मुलाच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे बरोबर नाही.

मग विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वात मोलाचा भाग, आणि नेमकी इथेच घाई होते. छापील फॉर्म भरताना आपण मान खाली घालून विचारतो, “जेवण नीट? झोप नीट? शी-शू नीट?” आई तीनदा ‘हो’ म्हणते आणि फॉर्म भरतो.

त्याऐवजी असं विचारून बघा. “एरवी तो कसा असतो आणि आज त्यात काय बदललंय?” “दुखतं तेव्हा तो काय करतो?” “औषध घेताना कशाने ऐकतो?” “झोपवताना काय लागतं?” बोलायला लागलेल्या मुलाचे खास शब्दही लिहून घ्या: पाण्याला काय म्हणतो, शूला काय म्हणतो, दुखण्याला काय म्हणतो. रात्री तीन वाजता मूल तोच शब्द ओरडत असतं आणि नवीन सिस्टरला तो कळत नाही.

वेदनेचं उदाहरण घ्या. बोलून सांगता न येणाऱ्या मुलांसाठी आपण ‘फ्लॅक’ मोजपट्टी वापरतो. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. पण एखादं मूल दुखलं की रडत नाही, अंग आखडून गप्प पडून राहतं. विकासात अडथळे असलेल्या मुलांत तर असं वेगळेपण बरंच दिसतं. म्हणूनच या मोजपट्टीच्या सुधारित आवृत्तीत पालकांनी सांगितलेली त्या मुलाची खास लक्षणं नोंदवायला जागा आहे. ‘आई सांगते: दुखलं की कान ओढतो आणि हाक मारली तरी बघत नाही’ ही एक ओळ प्लॅनमध्ये असली की पुढच्या तीन शिफ्टचे गुण बरोबर येतात.

एक प्रश्न कधीही वगळू नका: “आज घरून निघाल्यापासून कोणतं औषध दिलंय? पर्समध्ये कोणतं आहे?” तापाने फणफणलेल्या बाळाला आईने वाटेत पॅरासिटामॉल दिलेलं असतं. रागावतील म्हणून ती सांगत नाही, आणि तासाभरात आपण दुसरा डोस देतो. दोन डोसमध्ये किमान ४ तासांचं अंतर हवं. प्रश्न विचारताना सुरात चौकशी नको. “ताप आल्यावर बहुतेक जण घरी औषध देतातच, तुम्ही किती वाजता दिलं?” असं विचारलं की खरी वेळ कळते.

कामं वाटून घ्या

आता कागदावर चार कप्पे करा.

पहिला: घरी करत होते आणि इथेही करणार. अंगावर पाजणं, भरवणं, लंगोट बदलणं, अंग पुसणं, झोपवणं. यातलं काही आपण त्यांच्या हातून काढून घेत असू, तर त्याला कारण हवं.

दुसरा: शिकल्यावर करतील. तोंडाने द्यायचं औषध, लंगोटाचं वजन करून नोंद, नेब्युलायझरचा मास्क धरणं; लांबच्या आजारात नळीतून दूध देणं किंवा इन्सुलिनसुद्धा.

तिसरा: फक्त नर्स करणार. शिरेतली औषधं, सलाईनच्या पंपाचा वेग, ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणं, मॉनिटरचा अलार्म बंद करणं. चौथ्या दिवशी आई अलार्मचं बटण ओळखायला लागते आणि बाळाची झोप मोडू नये म्हणून दाबते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, पण पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: “अलार्म वाजला की मला हाक मारा, बटण दाबू नका. तो का वाजला हे मला बघायचं असतं.”

चौथा कप्पा बहुतेक ठिकाणी नसतोच: जे त्यांना करायचं नाही. काही आई-बाबांना ड्रेसिंग बघवत नाही. काहींना स्वतःच्या मुलाला नळी घालायला शिकायचं नसतं. काहींना आज फक्त आई म्हणून बसायचं असतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. नकाराला प्लॅनमध्ये जागा नसेल तर ते ‘हो’ म्हणतात आणि मग ते काम होत नाही.

विचारायचं कसं? “तुम्ही करता ना हे?” असं विचारलं तर नाही म्हणणं अवघड. असं म्हणून बघा:

“दुपारचं औषध मी देऊ शकते, तुम्हीही देऊ शकता. काही जणांना स्वतः द्यायला बरं वाटतं, काहींना ते नर्सनेच द्यावंसं वाटतं. तुम्हाला आज काय सोयीचं?”

“सिस्टर, आज तुम्हीच द्या. मी दिलं की तो थुंकतो आणि मग माझ्याकडेच येत नाही.”

“ठीक आहे. मी देते, तुम्ही मांडीवर घेऊन बसा. उद्या पुन्हा बघू.”

संपलं. मोजकी वाक्यं, आणि प्लॅनमध्ये लिहिण्यासारखं ठोस काहीतरी हातात आलं.

सुई टोचताना आईने काय करायचं, हेही इथेच ठरवा. मुलाला दाबून धरण्याचं काम तिच्याकडे देऊ नका. मांडीवर छातीशी घेऊन बसणं, कानाशी बोलणं, खेळण्याकडे लक्ष वेधणं ही तिची कामं. हात स्थिर ठेवायचं काम दुसऱ्या नर्सचं. अगदी लहान बाळांत टोचताना अंगावर पाजणं चालू ठेवलं तर दुखणं कमी होतं, हे तर चांगलंच सिद्ध झालंय. आईला तिथे थांबायचं नसेल तर तिला बाहेर जाऊ द्या आणि सुई टोचून झाल्या क्षणी आत बोलवा.

आणि एक इशारा. वॉर्डात माणसं कमी आहेत म्हणून पालकांकडे काम सरकवणं याला सहभाग म्हणत नाहीत. काम त्यांच्याकडे असलं तरी ते झालं की नाही, नीट झालं की नाही, याची जबाबदारी आपलीच राहते.

असं लिहा की तिसऱ्या माणसाला कळेल

समजा सात महिन्यांचं, ८ किलो वजनाचं बाळ ब्राँकिओलायटिसने (फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज) भरती आहे. नाकातून ऑक्सिजन चालू आहे, धाप लागते म्हणून दूध कमी घेतंय. प्लॅनमधला एक भाग असा दिसेल:

अडचण: धाप आणि चोंदलेलं नाक यामुळे दूध कमी जातं. नेहमीच्या निम्मंच घेतो (आईच्या सांगण्यानुसार).

उद्दिष्ट: पुढच्या २४ तासांत नेहमीच्या किमान तीन-चतुर्थांश दूध, लघवी तासाला किलोमागे १ मिलीच्या वर.

नर्स: पाजण्याआधी नाक साफ करणं, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजनची पातळी नोंदवणं, पाजताना धाप वाढली तर डॉक्टरांना कळवणं.

आई: थोडं थोडं पण जास्त वेळा पाजणं, सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ कॉटवरच्या तक्त्यात लिहिणं, ओला लंगोट फेकायचा नाही, वजनासाठी ट्रेमध्ये ठेवायचा.

बाबा (रात्री ९ नंतर): लंगोटाचं वजन करून लिहिणं. शिकवलं, स्वतः करून दाखवलं.

हाक कधी मारायची: पाजताना बाळ थांबून थांबून दम घेऊ लागलं, ओठ निळसर दिसले, श्वास मध्येच थांबला, सलग दोन वेळा प्यायलंच नाही.

आईची इच्छा: नाकातून नळी घालावी लागली तर आधी सांगावं, त्या वेळी बाबांना थांबायचं आहे.

लंगोटाचा हिशेब घरच्यांना आवडतो, कारण तो सोपा आणि खरा उपयोगाचा आहे. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. कोरडा लंगोट २५ ग्रॅम, चार तासांनी ओला ६५ ग्रॅम, म्हणजे ४० मिली लघवी. ८ किलोच्या बाळाला चार तासांत ३२ मिलीच्या वर हवी होती, झाली. आकड्याचा अर्थ असा उलगडून सांगितला की रात्री दोन वाजताही बाबा वजन करायला विसरत नाहीत.

याच बाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगण्यासारखी आहे: हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो आणि मग उतरतो. दुसऱ्या दिवशी भरती झालेलं बाळ चौथ्या दिवशी जास्त धापा टाकतंय, हे बघून ‘इथे आणून बिघडलं’ असं वाटणं स्वाभाविक आहे. आधी सांगितलेलं असेल तर भांडण होत नाही.

प्लॅन साध्या भाषेत लिहा, त्याची एक प्रत कॉटपाशी ठेवा. मात्र कौटुंबिक किंवा खासगी नोंदी त्या प्रतीत नकोत. येणारा-जाणारा कोणीही ती वाचतो.

शिकवलं म्हणजे आलं असं नाही

“समजलं ना?” हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च असतं. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या, मग त्यांच्या शब्दांत विचारा: “मी नीट सांगितलं का हे मला बघायचंय. रात्री ताप आला तर काय काय कराल, सांगाल?” कुठे अडलं ते लगेच दिसतं, आणि परीक्षा आईची नाही, आपल्या शिकवण्याची होते.

तोंडाने द्यायच्या औषधात सर्वाधिक चुका मापात होतात. घरातल्या चमच्यांची मापं वेगवेगळी असतात, म्हणून डोस नेहमी मिलीमध्ये सांगा आणि तोंडाने द्यायची सिरिंज हातात द्या. ठरलेल्या खुणेवर पट्टी चिकटवा. बाळाला उठतं धरून, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडायचं. थेट घशात मारायचं नाही.

आणि औषधाची तीव्रता समजावून सांगा. ८ किलोच्या बाळाला १२० मिग्रॅ पॅरासिटामॉल द्यायचंय. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर डोस ५ मिली. पण तेच औषध थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिग्रॅ असतं. तिथे डोस फक्त १.२ मिली. आईच्या डोक्यात ‘पाच’ हा आकडा पक्का बसला आणि घरी थेंबांची बाटली असली, तर बाळाला ५०० मिग्रॅ जातं, चौपटीहून जास्त. म्हणून आकडा कधी एकटा शिकवू नका. बाटलीवरचं लेबल वाचायला लावा. लिहिताना ‘०.५’ असं शून्य पुढे लावा, पण ‘५.०’ लिहू नका. मधला बिंदू दिसला नाही की त्याचे पन्नास होतात.

नाकातून पोटात गेलेल्या नळीने दूध द्यायला शिकवत असाल तर प्रत्येक वेळी दुधाआधी नळीची जागा तपासणं हा धड्याचा पहिला भाग. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचा आकडा) ५.५ किंवा कमी असला तरच दूध. द्रव येत नसेल किंवा आकडा वर असेल तर थांबायचं आणि विचारायचं. हे जोवर न सांगता करत नाहीत, तोवर नळी त्यांच्या एकट्याच्या हाती द्यायची नाही.

रोज नव्याने

सोमवारी ‘मी करते’ म्हणालेली आई बुधवारी जागरणाने कोसळायच्या बेतात असते. म्हणून सकाळच्या शिफ्टला दोन मिनिटं: “काल ठरवलेलं आजही जमेल? काही आमच्याकडे द्यायचंय?” झोपेला आलेली व्यक्ती बाळाला कुशीत घेऊन खुर्चीत किंवा पलंगावर झोपली तर बाळ पडण्याचा, गुदमरण्याचा धोका खरा असतो. अशा वेळी बाळाला कॉटमध्ये ठेवा, कठडे वर करा आणि आईला झोपायला पाठवा. तोही प्लॅनचाच भाग आहे, तसाच लिहा.

जमेल तिथे हँडओव्हर (शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला माहिती सोपवणं) कॉटपाशी करा आणि राउंडला घरच्यांना बोलायची संधी आधी द्या. उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या बालविभागांत कुटुंबाला राउंडच्या केंद्रस्थानी आणणारी साध्या भाषेतली पद्धत राबवली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एकूण चुकांचं प्रमाण बदललं नव्हतं, पण मुलांना इजा करणाऱ्या चुका सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या होत्या. खासगी गोष्टी मात्र चार कॉटच्या खोलीत मोठ्याने बोलू नका.

“सिस्टर, आकडे ठीक असतील, पण हा आज वेगळाच वाटतोय.” हे वाक्य ऐकलं की जाऊन बघा. मुलाची प्रकृती बिघडतेय का हे ओळखण्याच्या बऱ्याच बालतक्त्यांत पालकांची काळजी हा स्वतंत्र मुद्दा धरतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात तर २०१३ पासून ‘रायन्स रूल’ आहे: नर्स, डॉक्टर आणि वॉर्ड-प्रमुखांशी बोलूनही शंका फिटली नाही तर घरच्यांना थेट स्वतंत्र तपासणी मागता येते. तुमच्या वॉर्डात अशी सोय असो वा नसो, ‘माझ्यानंतर कोणाला सांगायचं’ हे प्लॅनमध्ये लिहून द्या.

अडतं तिथे

आई आणि बाबांची मतं वेगळी असतील तर मध्यस्थ बनू नका. दोघांना एकत्र बसवून डॉक्टरांशी बोलणं घडवा. कामामुळे किंवा दुसऱ्या मुलांमुळे दिवसभर येऊ न शकणाऱ्यांना ‘बेफिकीर’ ठरवू नका. फोनची एक ठरलेली वेळ प्लॅनमध्ये लिहा आणि ती पाळा.

मुलाच्या अंगावरच्या जखमा आणि सांगितलेली हकीकत जुळत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे भागीदारीचे नेहमीचे नियम मागे पडतात. जे दिसलं आणि जे ऐकलं ते त्याच शब्दांत लिहा, वरिष्ठांना लगेच कळवा, बालसंरक्षणाची ठरलेली वाट धरा. स्वतः उलटतपासणी करू नका, आणि आरोपाचा सूरही नको.

घरी जाण्याची तयारी

ती भरतीच्या दिवशीच सुरू होते, कारण दुसऱ्या कप्प्यातलं प्रत्येक काम शेवटी घरीच करायचं असतं. डिस्चार्जच्या सकाळी पिशव्या भरताना सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. आदल्या रात्रीपासून शक्य तितकी काळजी त्यांनीच घ्यावी, तुम्ही शेजारी असावं. हातात द्यायच्या कागदावर एवढं पुरे: औषधाचं नाव, तीव्रता, मिली, वेळ, काय दिसलं तर परत यायचं, कोणाला फोन करायचा, पुढची तपासणी कधी. ब्राँकिओलायटिसच्या बाळाच्या कागदावर एक ओळ जास्त हवी: खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. नाहीतर आठव्या दिवशी, बाळ हसत-खेळत असताना, आई घाबरून पुन्हा दारात उभी असते.